चार पाटे

"कुणी जवळ येऊ नका," लॉरीखालून गुरप्पा म्हणाला. "जॅक निसटला तर सोलापूरचा दवाखाना न्हाय, सरळ कैलास."

कुणी हसलं नाही. लॉरीशेजारी, बिजागरीतून काढलेल्या दाराच्या फळीवर केराबाई उताणी निजली होती. सकाळी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या आणायला चढताना शिडी घसरली आणि ती पाठीवर आपटली. तिचा नवरा हरिबा धावत मंगळवेढ्याच्या रस्त्यावर गेला आणि समोरून आलेली पहिली मोटार त्यानं आडवं होऊन थांबवली. गुरप्पाची जुनी, पोती वाहणारी लॉरी. ती रिकामी होती.

रिकामी होती, तेच वाईट झालं. केराबाईला मागं चढवून लॉरी निघाली. बोळाच्या तोंडाशी पायरीएवढा दगड होता. पुढची चाकं त्यावरून गेली आणि केराबाई किंचाळली. मग हळूच म्हणाली, "उजव्या पायाला मुंग्या आल्यात." गुरप्पानं तिथंच ब्रेक दाबला. मागची चाकं दगडाच्या अलीकडं राहिली. केराबाईला फळीसकट खाली घेतलं.

"वीस पोत्यांसाठी केलेले, चाकावरचे पोलादी पाटे हैत हे," गुरप्पा म्हणाला होता. "पोती असली की वाकतात, खड्डा गिळतात. रिकाम्या गाडीत वाकत न्हाईत. खड्डा जसाच्या तसा वर येतो की ओ."

ज्वारी अजून रानात उभी होती. पोतं कुणाच्याच घरात नव्हतं. हरिबानं दगड भरायचं सुचवलं. "घरंगळून बाईवरच येतील," एवढं बोलून गुरप्पा पाना घेऊन खाली शिरला. पोती नसतील तर पाटेच कमी करायचे.

मागच्या उजव्या चाकावरचे नट सुटले. एकावर एक बांधलेल्या पाट्यांतले खालचे चार त्यानं ओढून बाहेर टाकले. डावीकडं पाना लावला आणि तो तसाच फिरला. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, बाकी गंजून एकजीव झालं होतं.

"हातोडा घाल," हरिबा म्हणाला.

"बोल्ट तुटला तर आख सुटंल. मग गाडीच न्हाय." गुरप्पा बाहेर आला, जॅक उतरवला. लॉरी उजवीकडं कलली. त्यानं पाण्यानं भरलेली वाटी लॉरीच्या तळाच्या मधोमध ठेवली. पाणी उजव्या काठावरून सांडलं.

"डावीकडं वजन पायजे. माणसं चढवा. माणूस धरून तरी बसतो."

माणसं सगळी काढणीला गेलेली. गावात जी होती ती चढली. म्हातारे होते, न्हावी होता, एक पांगळा होता. डाव्या कडेला दाटीवाटीनं बसली. गुरप्पा वाटी पुन्हा भरून डोळा लावून बघत होता. पाणी काठाला आलं, पण सरळ होईना.

"अजून एक. जड पायजे." त्यानं आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यावरच्या घराच्या दारात तात्याबा उभा होता. दोघांचं वजन एकाच्या अंगावर. "ओ पैलवान, बघत काय हुबं ऱ्हायलात? या की वर!"

गुरप्पा परगावचा, त्याला दोन घरांतलं भांडण माहीत नव्हतं.

केराबाईच्या उशाशी बसलेली तिची सासू सोजरबाई बोलली, "त्येला कशाला बलवतोस बाबा? त्येच्यापायीच ही पडली. माळवदावर चढाय सपाट जागा हिकडं, त्येच्या भितीला लागून. पर शिडी टेकवली की भित मळती न्हवं त्येची! दोन वरसं झाली, तिकडं उताराला लावतुया आमी."

तात्याबा हरिबाचा चुलतभाऊ, दोघांची घरं एकमेकांना लागून. त्यानं हरिबाकडं पाहिलं. हरिबा वाटीकडं पाहत होता.

"बाईच्या पायाचं बघायचं का भांडणाचं?" गुरप्पा ओरडला.

हरिबा म्हणाला, "न्हाव्या, जरा सरक."

न्हावी सरकला. तात्याबा चढला. लॉरी कुरकुरली, बसली. वाटीतलं पाणी चारी काठांना सारखं लागलं.

केराबाईला फळीसकट अलगद वर घेतलं. "दवाखान्यात बाईला आदी उतरवायचं," गुरप्पानं बजावलं, "तवर कुणी जागचं उठायचं न्हाय. एक जरी उठला तर गाडी उसळंल." मग खाली पडलेल्या पाट्यांकडं बोट करून तो हरिबाला म्हणाला, "ते उचल. रातच्याला ह्या लोकांस्नी सोडाय येईन, तवा बसवीन. वाटंत नको, कुटंतरी टेकवून ठेव."

हरिबानं चारी पाटे उचलले. तेलानं, मातीनं काळे झालेले. तो इकडंतिकडं पाहू लागला. समोर तात्याबाची भिंत होती, सणाला पांढऱ्या मातीनं सारवलेली. हरिबा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"टेकव की," वरून तात्याबा म्हणाला. तो समोर पाहत होता. "भितीलाच टेकव."

हरिबानं पाटे टेकवले आणि चढून केराबाईचं डोकं दोन्ही हातांत धरलं. गुरप्पानं हँडल मारलं. लॉरी पुढं सरकली. मागचं चाक दगडाला लागलं, चढलं. तात्याबानं डोळे मिटून घेतले. चाक पलीकडं उतरलं. पाटे वाकले, सावकाश वर आले.

सगळे कान देऊन बसले होते. किंचाळी आली नाही. केराबाई लॉरीच्या फळ्यांच्या फटीतून मागं पाहत होती.

"भावजी," ती म्हणाली, "मळली की ओ भित."