सहावा टाका

“सिस्टर, आमचं बाळ जगणार का?”

विचारलं एकदाचं! चार दिवस मैत्रिणींनी तिला सळो की पळो करून सोडलं होतं. ‘मोठी आलीस हेडबाईंना उलट विचारणारी! हे विचारून दाखव. नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर.’ दप्तरांचं काही नव्हतं हो, दप्तरं तिने हसत उचलली असती. पण घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नव्हतं, आणि जेवताना, झोपताना, दात घासताना तोच मध्ये येऊन बसत होता.

बाळांच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर सिस्टर जेवणाच्या सुट्टीत क्रोशा विणत बसल्या होत्या. शेजारी अर्धा डबा, मांडीवर पांढऱ्या सुती दोऱ्याची टोपी, मोसंबीला बसेल एवढी. काचेपलीकडे सहा बाळं उबेच्या पेट्यांमध्ये झोपली होती, पाचांच्या डोक्यावर अशाच टोप्या. तिसऱ्या पेटीतली तिची बहीण. दोन महिने आधीच आलेली. टोपी नसलेली तीच एक.

सिस्टर बाकावर जरा सरकल्या.

“साखळी घालता येते?”

“शाळेत रुमाल केला होता. भयंकर झाला.”

“मग बस. तुमच्या बाळाच्या टोपीची कड तू कर.”

सात साखळ्या. पहिली सोडून सहा मुके खांब, म्हणजे सगळ्यांत बुटके टाके. मग उलटं वळायचं आणि पुन्हा सहा. इथवर ठीक होतं.

“आता नीट बघ. टाक्याच्या डोक्यावर दोन धागे दिसतात ना? एक आपल्या बाजूचा, एक मागचा. सुई फक्त मागच्याखालून घालायची. आपल्या बाजूचा सोडून द्यायचा.”

“सोडला तर उसवेल ना!”

“नाही उसवत. तोच वर उठतो. त्याची रेघ होते.”

पण हाताला रुमालाची सवय. सुई सारखी दोन्ही धाग्यांखाली शिरायची. सिस्टरांनी पट्टी ओढून पाहिली. ढिम्म हलली नाही.

“ही कड आहे की फूटपट्टी?”

उसवली. पुन्हा घातली. या वेळी पट्टीवर उभ्या रेघा उठल्या, मोज्याच्या तोंडाशी असतात तशा. ओढली तर ताणली गेली, सोडली तर गपकन जागेवर!

“अय्या!”

आतल्या नर्सने काचेवर टकटक केलं. घरी तिला उगाच भोंगा म्हणत नव्हते. तिने जीभ चावली आणि विणत राहिली. जरा वेळाने लक्षात आलं, पट्टी एका टोकाला निमुळती होतेय.

“सिस्टर, ही आखडतेय का?”

“शेवटचा खातेयस तू.”

“काय पण! सगळे घेतले मी. पाचच होते.”

सिस्टरांनी नखाने कडेचा कोपरा उलगडला. आत, अंग चोरून, सहावा टाका बसला होता.

“शेवटचा असाच असतो. एवढुसा. दिसत नाही म्हणून मोजायचा नाही, असं नाही करायचं. शोधायचा.”

तिने मुकाट्याने तीन ओळी उसवल्या. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याला शोधूनच पुढे गेली.

“किती लांब करू? तिच्या डोक्याचं माप घेतलंय का?”

“घेतलंय. पण नेमक्या मापाची मी कोणालाच करत नाही. आज बसली पाहिजे आणि महिन्याने पण. म्हणून तर हा रेघांचा खटाटोप. साधी कड आज डोळ्यांवर येते आणि महिन्याने कपाळावर वळ उठवते.”

“सगळ्यांनाच अशी करता?”

“सगळ्यांना.”

“आणि ज्यांना महिना...”

तिने तिसऱ्या पेटीकडे पाहिलं.

“त्यांनाही,” सिस्टर म्हणाल्या.

पट्टीची दोन टोकं जोडून गोल कड झाली, तेव्हा सिस्टरांनी खिशातून कापडाची चिंधी आणि पेन काढलं.

“आतून नाव शिवते मी. धुवायला गेल्या की अदलाबदल होते. काय लिहू?”

“नाव नाहीये. आई म्हणते, आधी घरी येऊ दे.”

नावांची यादी होती की! फ्रिजवर लावलेली, खाडाखोड केलेली, भांडून भांडून वाढवलेली. बाळ आलं त्या दिवशी बाबांनी ती काढली आणि घडी करून पाकिटात ठेवली. त्यानंतर कोणी नावांचं नाव काढलं नव्हतं.

सिस्टरांनी चिंधी आणि पेन तिच्या मांडीवर ठेवलं आणि डबा पुढे ओढला. पोळी गार झाली होती, तरी सावकाश खात बसल्या.

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं. बाबा फाईल छातीशी धरून बाहेर आले. मागून पोटाच्या टाक्यांवर हात ठेवून आई, एकेक पाऊल टाकत. दोघांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, काही विचारू नकोस.

तिने चिंधीवरचं शेवटचं अक्षर पुरं केलं. पेनाला टोपण लावलं आणि उभी राहिली.

“आई, बाबा, मी तिचं नाव ठेवलंय. पेटीवर पण तेच लिहायला सांगणार आहे.”

“अगं, पण आपलं ठरलं होतं ना, आधी घरी...”

“तुमचं ठरलं होतं. आणि नाही आवडलं, तर मोठी झाल्यावर भांडेल ती माझ्याशी. मी बघून घेईन.”