दोघांचं चाक

वजन उचलायला बळ देणाऱ्या यांत्रिक सूटचा शेवटचा पट्टा मांडीवर आवळला गेला आणि मिस्त्री अर्धा माणूस, अर्धी क्रेन झाला. समोर रणगाड्याचं चाक पडलं होतं. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये हे चाक कायम दोघांनी उचलायचं. एकट्याने हात घातला की कंबरेचे बारा वाजलेच.

चाचणीसाठी मिस्त्री आपणहून पुढे आला होता. त्याचा जुना जोडीदार पैलवान, अंगाने काडी म्हणून पैलवान, मणका दुखावल्यापासून स्टोअरच्या खिडकीत नटबोल्ट वाटत बसला होता. चाकाच्या पलीकडे आता चेन-पुली असायची. तिला चेष्टामस्करी कळत नसे. सूट पास झाला तर पैलवानालाही एक मिळेल आणि पलीकडे पुन्हा तेच तोंड दिसेल, एवढंच मिस्त्रीला हवं होतं.

म्हणून त्याने जीव ओतला. चाक उचललं, जागेवर बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. सूट कुईकुई करत होता. कंबर गप्प होती.

"पाठ कशी आहे?" इंजिनिअर मॅडमनी विचारलं.

"आहे की नाही तेच कळेना, मॅडम."

वर्कशॉपचे साहेब हरखले. "कमाल केलीत, मिस्त्री! एकटे दोघांचं काम करताय. आता दुसरा माणूस हवाच कशाला? पैलवानाची इथली जागा रद्दच करून टाकू."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला निदान तो उचलताना जड तरी लागतो. याला तेवढंही कळलं नव्हतं.

"आता एकदाच, शेवटचं," मॅडम म्हणाल्या.

तो वाकला. चाकाला हात घातले. सूट गुरगुरला. चाक जागचं हललं नाही.

"काय झालं? सेन्सर अडकला का?"

"सेन्सर बरा आहे." मिस्त्री चाकाच्या पलीकडे पाहत होता. "उचलायच्या आधी तिकडून 'उठा, जावईबापू!' असं ऐकू यायचं. पैलवान म्हणायचा, चाकाला. मला हसू फुटायचं, आणि त्या हसण्यात चाक वर जायचं. मघाशी वाटत होतं, तो परत येतोय. म्हणून उचललं गेलं."

मॅडमचा चेहरा उजळला. "एवढंच ना? सूटमध्ये आवाज बसवून देऊ की! कुणाचा हवा, त्याचाच ना?"

मिस्त्री ताडकन सरळ झाला.

"स्टोअरमध्येच बसलाय, मॅडम. आणू बोलावून?"