मेंढीचा वास

दिवस मावळताना माळावरची उरलीसुरली काळविटं आजही मेंढवाड्यात शिरली आणि मेंढरांना अंग घासत बसली.

"लांडगे वाढलेत, म्हणून आसऱ्याला येतात," पुण्याहून रजेवर आलेला सिदू म्हणाला. "आपल्या मेंढरांना भ्या नाही, आये. आमच्या लॅबनं लांडग्याची जातच अशी बदललीय, की मेंढीच्या वासानं त्याला मळमळतं."

ठकूबाईला ते कधीच पटलं नव्हतं. हरणं संपल्यावर लांडगे खाणार काय?

बांधापलीकडे लांडगा उभा होता. त्यानं मेंढरांकडे बघून नाक मुरडलं, ठकूबाईवरून नजर फिरवली आणि वासाचा साबण लावून न्हालेल्या सिदूवर ती रोखली.

ठकूबाईनं खांद्यावरचं घोंगडं काढून लेकापुढे धरलं.

"पांघर," ती हळूच म्हणाली. "डोक्यावरनं घे."