शेवटच्या मजल्यावरचा दरवाजा

"मारायचं नाही. पळ, लप, वाट वाकडी कर. पण मारायचं नाही."

दादीने घातलेली ही अट जिनलच्या कानांत अजून तशीच होती. हातात मावणारा तो कन्सोल तिला शाळेत असताना मिळाला होता. घरात सगळे त्याला डबीच म्हणत. डबीत एकच खेळ होता. जमिनीखाली मजल्यामागून मजले, अंधारे बोळ, भुतं, राक्षस आणि दिवा घेऊन उतरणारी एकटी बाई. जिनलने त्या बाईला दादीचंच नाव दिलं, भंवरी. पहिल्याच राक्षसावर तिने तलवार उपसली, तोच सामायिक, म्हणजे रोजची ध्यानाची बैठक, आटोपून उठलेल्या दादीने डबीवर हात ठेवला.

"या घरात मुंगीला वाट देतात. राक्षसालाही द्यायची."

पंचाईत अशी, की त्या खेळात कुणाला मारल्याशिवाय अंगात बळ येत नाही. त्यामुळे डबीतली भंवरी लपतछपत शेवटच्या मजल्यावर पोचली, तरी पहिल्या दिवसाइतकीच दुबळी राहिली. तिथे एक दरवाजा होता आणि दरवाजात द्वारपाल. त्याच्यापुढे सगळं अडलं होतं.

तो दरवाजा उघडल्याशिवाय घर सोडायचं नाही, असं दोघींचं ठरलं होतं. जिनलनेच लहानपणी हट्टाने ते वचन पदरात पाडून घेतलं होतं. वरघोड्याची मिरवणूक उद्यावर आली, तरी दरवाजा बंदच. खरं म्हणजे तो उघडायची जिनलला कधी घाईच नव्हती.

जळगावातल्या त्या फ्लॅटखाली मांडव सजत होता. "अर्पितभाऊ, बग्गीला झेंडू लावू की गुलाब?" मांडववाले नासीरभाई खालून ओरडले.

"दोन्ही लावा!" जिनलचे वडील गॅलरीतून म्हणाले.

मागच्या खोलीत दादी आणि जिनल डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. तेवढ्यात चोपड्याहून आलेल्या झुंबरबाई, म्हणजे दादीची नणंद, दारात उभ्या राहिल्या.

"अगं बाई! मेंदीच्या दिवशी भुतं? उद्या वरघोडा, आणि आज हे? तिकडे चालणार आहेत का असले खेळ?"

"तिकडे चालणार नाहीत, म्हणून तर आज," दादी म्हणाली. मेंदीचे ओले हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते.

"आणि वहिनी, तुमची मेंदी तर थेट कोपरापर्यंत! हौस तरी किती!"

"एकदाच तर आहे, बाई. होऊ दे."

अर्पित आत आला. "दिवस मावळायच्या आत जेवून घ्या दोघी," म्हणाला आणि उगाचच पडदा सारखा करत राहिला. होकार द्यायला त्याने दोन वर्षं लावली होती. "उद्यापासून मला पहाटे हाक मारून कोण उठवणार?"

"मोबाइल," झुंबरबाई म्हणाल्या. सगळे हसले. अर्पितही हसला आणि नाक पुसत बाहेर गेला.

ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं. दिवस मावळल्यावर दादी पाणी घेत नसे, डबीकडेही बघत नसे. जिनलची बोटं बटणांवर भराभर चालत होती. भंवरी बोळातून निसटली, खांबाआड लपली, दरवाजाकडे धावली. द्वारपालाने गदा फिरवली. खेळ खलास.

"पुन्हा," दादी म्हणाली.

पुन्हा गदा फिरली.

"उद्या काय वरघोडा थांबवायचा का या डबीपायी?" झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्याही आता पलंगावर टेकून पडद्याकडे बघत होत्या.

दादी जरा पुढे वाकली. "जिनू, तो हिच्या तोंडाकडे बघतच नाही गं. हिच्या हातांकडे बघतो. तलवार खाली ठेव."

"दादी, ती तर कधी वापरलीसुद्धा नाही."

"मग इतकी वर्षं वाहिली कशाला?"

जिनलने तलवार ठेवली. चिलखत ठेवलं. मोहरांची थैली ठेवली, जादूचे जोडेही काढले. द्वारपालाने गदा थोडी खाली घेतली; पण हलला नाही.

"आता दिवा."

जिनलचं बोट थांबलं. "दिवा नको ना, दादी. अंधारात एकटी कशी जाईल ती?"

दादीला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. मेंदी ओली होती, म्हणून तिने कोपरानेच नातीला हलकेच ढोसलं. "जाईल. इथवर तूच आणलीस ना तिला?"

जिनलने बटण दाबलं. पडदा काळा झाला. अंधारात अनवाणी पावलांचा आवाज तेवढा येत राहिला. मग कुठेतरी कडी निघाली, आणि पडदाभर सकाळ पसरली. मोकळं माळरान, त्यात एक पायवाट.

"उघडला!" झुंबरबाईच आधी ओरडल्या. "काय मिळालं?"

"काही नाही," दादी हसून म्हणाली.

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप?"

टाकीवरचं ऊन गेलं होतं. जिनलने डबी बंद केली आणि बराच वेळ दादीच्या खांद्यावर डोकं टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी बॅन्ड असा वाजला, की झुंबरबाई चौकात नाचल्या. बग्गीतून बदाम उधळले गेले. दुपारी मंडपात अंगावरची एकेक वस्तू उतरू लागली, तेव्हा जिनलने ओंजळ पुढे केली. तीत बांगड्या आल्या, गळ्यातली साखळी आली, शेवटी कमरेचा चाव्यांचा जुडगा आला. जुडगा जिनलने मुठीत घट्ट धरला आणि होकारार्थी मान हलवली. मग दीक्षा घेऊन मुंडण केलेल्या डोक्याच्या, पांढऱ्या वस्त्रांतल्या भंवरीबाई, हातांवर कालची मेंदी लालभडक रंगलेली, अनवाणी पायांनी साध्वींच्या मागोमाग रावेरच्या रस्त्याला लागल्या.