फोनमधलं झाड

तरुण मुलांनी राष्ट्रीय उद्यानात जावं म्हणून मी एक अ‍ॅप बनवलं. उद्यानात पायी फिरलात की फोनमधलं झाड फुलतं, नाही फिरलात की सुकतं.

मला कुठली सवड? माझ्या नावाने अ‍ॅप चालू करून जुना फोन बाबांच्या खिशात टाकला. ते निवृत्त वनरक्षक, उद्यानाला लागूनच एकटे राहतात. रोज आत फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अख्ख्या ऑफिसात माझं झाड सगळ्यांत डेरेदार.

आज ते सुकलेलं दिसलं. प्रोग्रामरला म्हटलं, "तुझ्या अ‍ॅपमध्ये काहीतरी घोळ आहे, सवडीने बघ."

जेवण झाल्यावर त्याने बघितलं.

 

"मॅडम, अ‍ॅप ठीक आहे. तुमचा फोन परवापासून पाणवठ्यापाशी आहे, जागचा हललेला नाही."