टाकीचा वास

दंतवैद्यानं प्रवाळ पाण्यातून वर काढलं, नाकाशी नेलं आणि लांब श्वास घेतला. शेजारी उभ्या असलेल्या चष्मेवाल्यानं तोंड फिरवलं. घरात भरून राहिलेल्या त्या वासानं तो आधीच हैराण झाला होता, आणि हा गृहस्थ अत्तर हुंगावं तसं ते कुजकं प्रकरण हुंगत होता.

दोघं जुने मित्र. दोघांनाही खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं वेड. चष्मेवाल्याची टाकी दिवाणखान्याची अर्धी भिंत व्यापून होती आणि तिच्या मधोमध हे दगडी प्रवाळ होतं. दिसायला दगडाचं झुडूप, पण वरून जिवंत कातडीचा पातळ थर. नखाएवढा तुकडा आणून त्यानं ते वाढवलं होतं, तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आता ती कातडी बुडापासून गळायला लागली होती आणि खालून पांढराफटक सांगाडा उघडा पडत होता. गळती शेंड्यापर्यंत पोचली की खेळ खलास.

वास टाकीचा आहे हे त्याला पहिल्यांदा आईनंच सांगितलं. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिचं बोलणं आता तोंडातल्या तोंडात असे, पण हे वाक्य तिनं स्पष्ट म्हटलं होतं. चष्मेवाला ओशाळला. आपल्या छंदापायी आजारी माणसाला त्रास नको म्हणून तो तिच्या खोलीचं दार लोटून घेऊ लागला. मग त्यानं टाकीचं पाणी बदललं, गाळणी धुतली, काचा घासल्या. घरभर सुगंधी फवारा मारला. त्यामुळे एवढंच झालं की कुजलेल्या वासावर गुलाबाचा वास चढला आणि नुसत्या घाणीपेक्षा ते जास्त असह्य झालं. घरात घास उतरेना, म्हणून तो आपल्या चष्म्याच्या दुकानात जेवू लागला.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होती. ती गेल्यापासून आईचं सगळं पगारी ठेवलेल्या बाईच्या हाती होतं. बाई सकाळ-संध्याकाळ यायची. कुशीवर वळवताना आई कण्हायची आणि ते कण्हणं चष्मेवाल्याला ऐकवत नसे. त्यानं बाईला बजावून ठेवलं होतं की तिला हलवू नका, पडू दे निवांत. नंतर बाई एकदोनदा काहीतरी सांगायला आली होती. पण तेव्हा तो टाकीचं पाणी तपासायला परीक्षानळीत थेंब मोजत होता, त्यानं हातानंच तिला थांबवलं. रोज सकाळी मात्र न चुकता तो दार किलकिलं करून, नाकावर रुमाल धरून विचारायचा, बरी आहेस ना? आई म्हणायची, बरी आहे. एवढ्यावर श्रवणबाळाचं समाधान व्हायचं.

दंतवैद्यानं दवाखान्यातलं भिंग डोळ्यांवर चढवलं. प्रवाळ फिरवून फिरवून बघितलं. किड्यांची अंडी नव्हती. कुणी कुरतडल्याच्या खुणा नव्हत्या. कातडी नासली की शेंबडासारखा तपकिरी थर धरतो, तोही नव्हता. वरचे शेंडे तर ठणठणीत होते, म्हणजे पाण्यातही दोष नव्हता.

“हे शेवटचं कधी हलवलं होतंस?” त्यानं विचारलं.

चष्मेवाल्याला प्रश्नच विचित्र वाटला. हलवायचं कशाला? जे जपायचं त्याला हात लावायचा नाही, हा तर पहिला नियम.

“तिथंच चुकलं. कलंडलंय ते आणि एकाच अंगावर पडून राहिलंय. दगडाला टेकलेल्या बाजूला पाणी फिरत नाही. तिथली कातडी मरते आणि मग वर सरकत येते. ती बाजू मोकळी कर, जगेल.”

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. आनंदानं त्याला मित्राला मिठी मारावीशी वाटली. पण दंतवैद्याचं समाधान झालं नव्हतं. त्यानं प्रवाळ पुन्हा एकदा हुंगलं आणि पुढं केलं.

“पण याला वास नाही रे. बघ तू.”

चष्मेवाल्यानं नाक मुरडत वास घेतला. नुसता मिठाचा वास होता, समुद्रकाठी येतो तसा. प्रवाळातून पाणी टपटपत राहिलं आणि घरातला वास जिथल्या तिथं राहिला. दंतवैद्याचं अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडात नाक घालण्यात गेलं होतं. तो हळूच लोटलेल्या दाराकडं वळून बघू लागला.

दार उघडल्यावर चष्मेवाल्याचे डोळे चुरचुरले. आई उताणी पडली होती, कालच्यासारखी, परवाच्यासारखी. त्यानं तिच्या पाठीखाली हात घातला आणि तिला भिंतीकडं वळवलं. ती कण्हली. गाऊन कमरेशी चिकटला होता, तो ओढावा लागला. तिथली कातडी गेली होती. कडा काळ्या पडल्या होत्या, आत ओलसर पिवळं काहीतरी साचलं होतं आणि त्याच्याही तळाशी पांढरं दिसत होतं. तसं पांढरं तो गेले कित्येक दिवस टाकीच्या काचेतून बघत होता.

त्याला उमासा आला. तो त्याला दाबता आला नाही आणि आईनं तो ऐकला. त्याला किळस आली होती, आणि आपल्याला आईची किळस आली याची त्याहून जास्त किळस आली.

“टाकीचाच वास आहे रे तो,” आई भिंतीकडं बघत पुटपुटली. “तू जा बाहेर.”