तिसरा मजला
नव्या रायपुरात सरकारी क्वार्टर पूर्वीसारखे वशिल्यानं नाही, चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. संध्याला तिसरा मजला निघाला. लिफ्ट नव्हती, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. तळमजला ऑफिसातल्या निरंजनला लागला होता. “भैया, आपसात बदलवून घेऊ,” ती म्हणाली. “साहेबांची ना नाही.” “चिठ्ठी देवाची असते, दीदी. बदलवू नाही.” “मग आईले वर न्यायले हात लावा.” खुर्चीत बसलेल्या आईला दोघांनी उचललं. पहिल्या मजल्यावर निरंजन हसत होता. दुसऱ्यावर त्यानं खुर्ची टेकवली आणि कठडा धरला. “दवाखान्यात न्यायचं तर दरवेळी असंच?” “हव. तुम्हालेच बोलावीन.” संध्यानं पुन्हा खुर्ची धरली. “चला, एकच मजला राहिला.” निरंजननं खुर्चीचं तोंड खालच्या पायऱ्यांकडे वळवलं. “देवाले काय सांगशील, पोट्ट्या?” आईनं विचारलं. “सांगीन, एक डाव तूच मायले उचलून पाह.”